तुम्ही विचारलंत म्हणून: रोज उठून पंचम जॉर्जच का?

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. वरच्या भागात पाण्याची वेळ, मेंटेनन्सची शेवटची तारीख, कुणाची चावी सापडली असेल तर ती. खालच्या हातभर जागेत पूर्वी सुविचार असायचा. सध्या तिथे मी रोज पंचम जॉर्जबद्दल चार ओळी लिहिते. 1910 ते 1936 इंग्लंडच्या गादीवर होता तो. "काकू, दुसरं कुणी मिळालं नाही का?" हे मला दूधवाल्यापासून पाहुण्यारावळ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. कुणी जरा खवचटपणेही विचारतं: इंग्रज गेले, तुमचं प्रेम काही आटत नाही!

प्रेमबीम काही नाही हो. माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेली आणि हा गृहस्थ तिकिटांचा वेडा होता, तिथून ओळख झाली. 1904 मध्ये, म्हणजे अजून युवराज असताना, त्याने मॉरिशसचं दोन पेन्सचं एक निळं तिकीट लिलावात 1,450 पौंडांना घेतलं. मग दरबारातल्या कुणीतरी त्यालाच येऊन सांगितलं म्हणे, की कुणा मूर्खाने एका तिकिटापायी एवढे पैसे उधळलेत. "तो मूर्ख मीच," युवराज म्हणाले. हे फळ्यावर लिहिलं त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी यजमानांना दंडाला धरून खाली घेऊन आल्या. त्यांना जुनी फाउंटन पेनं जमवायचा नाद आहे. आता हे यजमान प्रत्येक पेनामागे पंचम जॉर्जचा दाखला देतात, आणि वहिनी माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

सुविचार कुणी वाचत नव्हतं, हे खरं कारण. "सत्य हाच ईश्वर" वाचून कोण थांबणार? पण राजा विजारीची इस्त्री समोर घडी न पाडता बाजूला पाडून घ्यायचा, असं लिहिलं की इस्त्रीवाला भय्यासुद्धा मान वाकडी करून वाचतो आणि म्हणतो, कपडा खराब होईल. शार्लट नावाचा त्याचा पोपट न्याहारीच्या टेबलावर मोकळा फिरायचा. त्याने घाण केली की राणीच्या नजरेला पडू नये म्हणून राजा त्यावर मोहरीची बरणी सरकवून ठेवायचा, अशी गोष्ट सांगतात. सँड्रिंगहॅमच्या वाड्यातली घड्याळं अर्धा तास पुढे असायची. शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून त्याच्या वडिलांनी घातलेली ही पद्धत याने इमानेइतबारे चालवली आणि 1936 मध्ये मुलाने गादीवर येताच मोडली. त्यावर पहिल्या मजल्यावरचे आजोबा एवढंच म्हणाले, "मुलं हेच करतात." आजोबांनी घर विकायला काढलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

बायकांमध्ये सगळ्यात गाजलं ते लग्न. मेरीचं ठरलं होतं जॉर्जच्या थोरल्या भावाशी. जानेवारी 1892 मध्ये तो इन्फ्लुएंझा होऊन गेला आणि दीड वर्षाने तिचं लग्न धाकट्याशी, म्हणजे या आपल्या जॉर्जशी लागलं. संसार चांगला झाला. पण त्याच्या निमित्ताने आमच्या इमारतीत कुणाकुणाच्या माहेरच्या ज्या गोष्टी बाहेर आल्या, त्या मी इथे लिहिणार नाही.

दिवाळीत मात्र तो घराघरांतून निघाला. लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवायचे जुने चांदीचे रुपये असतात ना, त्यातले बरेचसे याच्याच छापाचे. मी फळ्यावर लिहिलं होतं: 1911 सालचा रुपया असेल तर भिंग घेऊन राजाच्या अंगरख्यावरची साखळी बघा. त्या साखळीत इवलासा हत्ती कोरलाय. पण सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघांच्याही खिशात जाणाऱ्या नाण्यावर डुक्कर! ओरडा झाला, टांकसाळीला ते रुपये थांबवावे लागले आणि 1912 पासून सोंड नीट लांब करून हत्ती पुन्हा कोरला. त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पाचसहा घरचे रुपये मांडले होते, बहुतेक 1912 नंतरचेच. एकाच्या आजीचा 1911 चा निघाला. झिजून राजाचा कान गुळगुळीत झालाय, दाढीच्या रेषा एकमेकींत मिसळल्यात, पण छातीपाशी तो ठेंगणा प्राणी अजून दिसतो. पोरांनी एकमताने डुक्कर ठरवला. मलाही तसंच वाटलं.

त्याच 1911 च्या 2 डिसेंबरला तो आणि राणी मुंबईला अपोलो बंदरावर उतरले. गेटवे ऑफ इंडिया त्यांच्या स्वागतासाठी बांधला असं आपण पाहुण्यांना सांगतो, पण पायाचा दगडच बसला 1913 मध्ये आणि कमान खुली झाली 1924 ला. म्हणजे ज्याच्यासाठी दार, तो तेरा वर्षं आधीच आत येऊन गेला होता. पुढे 12 तारखेला दिल्लीचा दरबार. इंग्लंडचे मुकुट देशाबाहेर न्यायचे नाहीत असा दंडक, म्हणून या एका सोहळ्यासाठी 60,000 पौंडांचा नवा मुकुट घडवला. सहा हजारांवर हिरे होते त्यात. साडेतीन तास तो डोक्यावर ठेवून राजाने रात्री डायरीत काय लिहावं? दमलो, मुकुट जड होता, डोकं दुखलं. पुन्हा कधी घातला नाही.

याच दरबारात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या मुलाने, तीनदा मुजरा करून उलट्या पावली मागे जायचं सोडून एकदाच मान लववली आणि सरळ पाठ फिरवून चालू लागले. पुढे त्यांना खुलासा द्यावा लागला, विलायतेत गवगवा झाला. पण हे लिहिलं तेव्हा "काकू, आज बरं लिहिलंत" असं सेक्रेटरीसुद्धा म्हणाले, जे एरवी खडूच्या खर्चावरून बोलतात.

मला विचाराल, तर माणूस सामान्य होता. बारा वर्षांचा असताना नौदलात गेला, तिथली शिस्त अंगात मुरली. डायरी जन्मभर लिहिली आणि तीत हवापाणी कधी चुकवलं नाही. पोस्टात असले साहेब मी पुष्कळ पाहिलेत: वक्तशीर, चिडके, मनाने वाईट नाहीत. फरक एवढाच की या साहेबाच्या हाताखाली जवळपास पाव जग होतं. दरबार आटोपून हा नेपाळच्या तराईत गेला. शेकडो हत्तींचं कडं करून वाघ अडवायचे आणि याने गोळी घालायची. दहा दिवसांत एकट्याचे 21 वाघ आणि 8 गेंडे. ते मी लिहिलं, आणि कंसात काही टिप्पणी केली नाही. मुलांनी फळाभर खडूने 21 वाघ काढले. दोन दिवस कुणी पुसले नाहीत, पाण्याची वेळ मला दारोदार सांगावी लागली.

सगळ्यात मोठा वाद त्याच्या मरणावरून झाला. 20 जानेवारी 1936 ची रात्र. राजा बेशुद्धीत, जवळ डॉक्टर लॉर्ड डॉसन. त्यांनी मॉर्फिन आणि कोकेन टोचलं आणि मध्यरात्रीच्या थोडं आधी तो गेला. डॉक्टरांनी आपल्या टिपणांत लिहून ठेवलं होतं की बातमी संध्याकाळच्या फालतू पेपरांत न येता सकाळच्या, लंडनच्या 'टाइम्स'मध्ये यावी, हाही विचार त्यामागे होता. आपल्या बायकोकडून त्यांनी 'टाइम्स'ला थांबायचा निरोपही दिला होता. हे उघड झालं 1986 मध्ये. आमच्याकडे एक नर्सबाई राहतात. नाइट ड्युटी करून आल्या, वाचलं आणि खाली लिहून गेल्या: "घरच्यांना विचारलं होतं?" राणीने आणि युवराजाने उगाच लांबवू नका, एवढं म्हटलं होतं. सुईबद्दल विचारल्याची नोंद नाही. हे उत्तर मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, त्यावर लोक आपापल्या घरची आयसीयूची बिलं काढून बोलत बसले.

हल्ली विचारतात, हा संपला की कोण? निम्म्या मंडळींचं मत त्याच्या वडिलांना, सातव्या एडवर्डला. मुंबईतला काळा घोडा मूळचा त्याचाच पुतळा, केईएम रुग्णालय त्याच्या नावाचं. तो सँड्रिंगहॅमला आलेल्या पाहुण्यांचं येताना आणि जाताना वजन करायचा, एवढं ऐकूनच बायकांनी नाव बाद केलंय. तसा जॉर्ज काही इतक्यात संपत नाही. उद्या टँकर येणार, वरची जागा जास्त लागेल, म्हणून मजकूर बेताचाच ठेवलाय: फ्रान्स, ऑक्टोबर 1915. सैनिकांनी राजाचा जयजयकार केला, घोडी बिथरली, राजा खाली आणि घोडी वर. कमरेचं हाड मोडलं. टँकर साडेसातला, बादल्या आधी भरून ठेवू नयेत.