वर्षभराची गोळी, ज्वारीचा एक दाणा

मागच्या येळवशीला (वेळा अमावास्या, शेतात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण) दुपारी बाराचं ऊन चटकत होतं, पोरं कोपीभोवती पळत होती, पाहुणे आंबिलीवर आंबील रिचवत होते आणि मी स्वेटर घालून वरून शाल गुंडाळून उन्हात बसले होते. आत्या (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात) दोनदा नुसत्याच बघून गेल्या आणि तिसऱ्यांदा उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, काय होऊलालंय तुला? बाळंतिणीवानी काय बसलीस?" मी म्हटलं काही नाही आत्या, जरा गार वाटायलंय. त्यांनी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता, उलट हात गारढोण.

मी लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते, एकोणीस वर्षं झाली. म्हणजे बघा, थंडी सोसत नाही, केस गळायलेत, पोट साफ नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासला जाताना दुसऱ्या मजल्यावर रेलिंग धरून थांबावं लागतंय, जेवण कमी होऊनही वजन वाढलंय, ही सगळी लक्षणं मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि खाली दोन रेघा ओढते. तरी आठ महिने मला वाटत राहिलं की वय झालं, क्लासचा ताण आहे. शेवटी टीएसएच (थायरॉइड ग्रंथी कमी काम करायला लागली की रक्तात वाढणारं हार्मोन) तपासली तर ३८. नॉर्मल साधारण चार-साडेचारच्या आत असते. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून फक्त "मॅडम, तुम्ही पण?" एवढंच म्हटलं, आणि थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची, ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली.

आता खरा मुद्दा. आठ दिवस गोळी घेतली, काहीच फरक नाही. पंधरा दिवस, तरी तेच. मनात म्हटलं गोळी बदलून मागावी का, डोस वाढवावा का. आमच्या बिल्डिंगमधल्या एकीनं तर सांगितलं की दोन-दोन घे, लवकर फरक पडतो. (घेऊ नका. जास्त झाली की हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात, वजन कमी करायला गोळी वाढवणाऱ्या बायका मी बघितल्यात.) तेव्हा एका रात्री झोप येईना म्हणून मी सहज हिशोब मांडला. ५० मायक्रोग्रॅम गुणिले ३६५, म्हणजे वर्षाचं औषध साधारण १८ मिलिग्रॅम. आणि मालदांडीचा एक दाणा साधारण ३० मिलिग्रॅमचा. म्हणजे वर्षभराचं सगळं थायरॉक्सिन एका तळहातावर ठेवलं तर ते ज्वारीच्या एका दाण्याएवढंही भरत नाही आणि त्यावर पासष्ट किलोची बाई वर्षभर चालणार! तेव्हा माझं मलाच कळलं की मी गोळीकडं टॉनिक म्हणून बघत होते, ताकद येईल, ग्लुकोजसारखं काहीतरी. पण एवढ्याशा मालात ताकद असूच शकत नाही. ही चिठ्ठी आहे, धान्य नाही.

चिठ्ठी कुणाला, तर शेवटी मायटोकॉन्ड्रियाला. आणि इथं मला माझीच लाज वाटली, कारण "मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस" हे वाक्य मी किती हजार वेळा बोलले असेन देव जाणे, पण पेशीचा धडा वर्षाच्या मधे कुठंतरी येतो आणि थायरॉइडचा पार शेवटी, तोवर पोरं टेस्ट सिरीजच्या धांदलीत असतात, दोन्ही धडे एकमेकांना कधी भेटतच नाहीत. पोरांच्या डोक्यात नाही आणि खरं सांगते, माझ्याही नाही.

खरं तर हे नातं फार जुनं आहे. १८९५ साली जर्मनीत मॅग्नस-लेव्ही यांनी दाखवलं की थायरॉइडचा अर्क दिला की माणूस ऑक्सिजन जास्त वापरायला लागतो, नुसता पडून असला तरी. ऑक्सिजन शरीरात जातो कुठं? जवळपास सगळा मायटोकॉन्ड्रियात. म्हणजे थायरॉइड कमी झाली की सगळ्या पेशींमधल्या भट्ट्या मंद होतात, अगदी पूर्ण आटली तर आरामातला ऊर्जेचा खर्च चाळीस-पन्नास टक्क्यांनी खाली येऊ शकतो.

पण हे होतं कसं यावर साठ-सत्तर वर्षं नुसती ओढाताण चालली होती. ते समजायला पैठणला चला. नाथसागराच्या पायथ्याला १२ मेगावॅटचं वीजघर आहे. पाणी उंचावरून खाली येतं, टर्बाइन फिरतं, वीज तयार होते. मायटोकॉन्ड्रियात हुबेहूब हेच चालतं, फक्त पाण्याच्या जागी प्रोटॉन. अन्नातल्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्याच्या पलीकडं उपसून साठवायचे, मग ते एका फिरत्या एन्झाइममधून खाली सोडायचे, त्यात एटीपी तयार होतं, म्हणजे पेशीची वीजच म्हणा. (पैठणचं मशीन उलटं फिरवून पाणी परत वरही चढवता येतं, आणि हे एन्झाइमही उलटं फिरू शकतं! हे मला कळलं तेव्हा मी एकटीच खुश झाले, घरात कुणाला सांगावं तर कुणाला घेणं नाही.) आणि धरण गळायला लागलं तर? पाणी खाली येणार पण वीज नाही, मायटोकॉन्ड्रियाच्या बाबतीत एटीपी नाही, नुसती उष्णता. १९५० च्या दशकात बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की थायरॉक्सिन थेट जाऊन हे धरणच गळकं करतं, म्हणून थायरॉइड वाढलेल्याला घाम येतो, गरम होतं. दिसायला चोख उत्तर. पण त्या प्रयोगांमधले डोस अव्वाच्या सव्वा होते, शरीरात एवढं हार्मोन कधी नसतंच.

मग आले जमशेद टाटा. ते उद्योगवाले नाहीत, हे शास्त्रज्ञ, जन्म मुंबईचा, काम केलं लंडनला. त्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला थायरॉइड काढलेल्या उंदरांना टी-३ चा (थायरॉइड हार्मोनचं प्रत्यक्ष काम करणारं रूप) नेमका एकच छोटा डोस दिला आणि वाट बघितली. लगेच काहीच नाही. एक दिवस उलटून गेल्यावर कुठं चयापचय वर सरकायला लागला. आणि पेशीत नवीन आरएनए आणि प्रोटीन बनवणं औषधानं बंद पाडलं तर वाढ झालीच नाही. म्हणजे हार्मोन भट्टीत जाऊन फुंकर मारत नाही, ते आधी पेशीच्या केंद्रकात जातं, तिथले जीन चालू करतं, मग नवीन माल तयार होतो, मग भट्टी वाढते. माझ्या "आठ दिवस झाले तरी फरक नाही" ला मुंबईच्या माणसानं साठ वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलं होतं.

आजचं चित्र थोडक्यात सांगते. गोळीत असतं ते टी-४, चार आयोडीनवालं, ते जवळपास साठ्याचा माल. त्यातलं एक आयोडीन काढून टी-३ होतं, ते काम करणारं, आणि हे काढायचं काम करणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम लागतं. टी-३ केंद्रकातल्या रिसेप्टरला चिकटतं आणि पीजीसी-१ अल्फा नावाचं एक प्रोटीन वाढवतं. हे प्रोटीन म्हणजे आमच्या बीडकडचा ऊसतोडीचा मुकादम समजा. स्वतः कोयता धरत नाही पण टोळी तोच जमवतो. आता गंमत अशी की मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो, आईकडून आलेला, पण त्यात जीन फक्त ३७ आणि त्यातून प्रोटीन १३. बाकीची हजारभर प्रोटीन केंद्रकाच्या ऑर्डरवर बनून बाहेरून आत जातात. म्हणजे टोळीतले थोडे लोक घरचे, बाकी सगळे बाहेरगावचे, दोघांची वेळ जमली पाहिजे तरच फड सुरू होतो. मुकादमाचं खरं कसब तिथं. आणि ही सगळी बांधकामाची कामं, बटन दाबल्यासारखी होत नाहीत. त्यात टी-४ चं रक्तातलं अर्धायुष्य सात दिवसांचं, म्हणून रोज गोळी घेऊनसुद्धा रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच पाच-सहा आठवडे जातात. डॉक्टर पुढची टीएसएच सहा-आठ आठवड्यांनी सांगतात ती उगाच नाही.

भट्ट्या वाढल्या तर ती ऊर्जा जाते कुठं हाही प्रश्न आहेच. टी-३ खर्चही वाढवतं. पेशीच्या पडद्यावर सोडियम बाहेर फेकणारा आणि पोटॅशियम आत ओढणारा पंप असतो, आपण झोपलेलो असलो तरी शरीराच्या खर्चातला पाचवा-चौथा हिस्सा तो एकटा खातो. टी-३ हे पंप वाढवतं, स्नायूत कॅल्शियम भरणारे पंप वाढवतं, आणि हो, धरणाची थोडी गळतीही वाढवतं, म्हणजे पन्नासच्या दशकातले लोक अगदीच चुकले नव्हते, फक्त रस्ता वेगळा. या सगळ्या "वाया" जाणाऱ्या ऊर्जेतूनच तर आपल्याला ऊब मिळते! म्हणून थायरॉइड कमी झाली की येळवशीच्या उन्हात स्वेटर.

आणि उलट्या बाजूचा किस्सा माझा सगळ्यात आवडता. स्टॉकहोमला रोल्फ लुफ्ट नावाच्या डॉक्टरांकडं एक बाई होती, खायची भरपूर तरी वाळलेली, घाम थांबायचा नाही, कुणालाही वाटावं थायरॉइड वाढलीय. थायरॉइड नॉर्मल! दोष मायटोकॉन्ड्रियात होता, त्यांचं धरणच मुळात गळकं. १९६२ साली हे छापून आलं आणि मायटोकॉन्ड्रियाचा आजार म्हणून ओळखला गेलेला हा पहिला रोग. माझ्यासारख्या बाईला चिठ्ठी मिळत नव्हती, त्या बाईला चिठ्ठी बरोबर मिळत होती पण वीजघरच फुटकं.

एवढं वाचून कुणी "मायटोकॉन्ड्रिया बूस्टर" पावडर मागवू नका प्लीज, मला तीन जणींनी लिंक पाठवल्यात. आणि प्रत्येक थकवा थायरॉइडचा नसतो. आत्यांची टीएसएच काढली तर ६.२ आली, वय ७३, लगेच घरात चर्चा की आता आत्यांनाही गोळी. डॉक्टर म्हणाले थांबा. ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर युरोपात एक मोठी चाचणी झाली होती, २०१७ ला निकाल आला, अशा किंचित वाढलेल्या टीएसएचला गोळी देऊन थकव्यात काही फरक पडला नाही. आत्यांचं हिमोग्लोबिन ९ निघालं. म्हणजे भट्टी ठीक होती, ऑक्सिजन आणणाऱ्या गाड्याच कमी.

माझी स्वतःची चूकही सांगून टाकते. पहिले दोन महिने मी गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत घेत होते, एकदाच काय ते उरकावं म्हणून. टीएसएच ३८ वरून फक्त २१ वर. बायोलॉजीची मॅडम! आता पहाटे उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभरानं, कॅल्शियम रात्री. डोस ७५ झाला, एप्रिलमधे टीएसएच ३.४ आली. केस अजून गळतातच, वजन अडीच किलो कमी झालं, बाकीचं वजन थायरॉइडचं नव्हतंच, ते माझं होतं.

यंदा मायटोकॉन्ड्रियाच्या लेक्चरला मी फळ्यावर गळ्याचं चित्र काढलं, तिथून केंद्रकाकडं एक बाण, तिथून मायटोकॉन्ड्रियाकडं दुसरा, मुकादम, टोळी, पैठण सगळं सांगितलं, पाऊण तास कसा गेला कळलं नाही. पहिल्या बेंचवरच्या औशाच्या पोरानं हात वर केला.

"मॅडम, हे नीटला येतं का?"

म्हटलं, असं जोडून नाही येत.

त्यानं पेनाचं टोपण लावलं.