आरडीएक्स आणि साडेसहा मिनिटं

आमच्या लॅबमधला एक सर्व्हर रीबूट केला की लॉगिन यायला साडेसहा मिनिटं लागतात. घड्याळ लावून मोजलंय. त्यातली जेमतेम चाळीस सेकंदं लिनक्सची. बाकीचा वेळ फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या बोर्डातच भरलेलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, सगळी रॅम तपासतं, एकेका कार्डाला हाक मारतं, आणि मग ती कार्डं आपापले बॅनर झळकवत बसतात. आमचं काम स्टोरेज कार्डाच्या ड्रायव्हरचं, म्हणजे दिवसाला पंधरा-वीस वेळा नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) चढवायचा. करा गुणाकार. चहाचं व्यसन मला या मशीननेच लावलं.

यावरचा उपाय लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ पासून आहे, २.६.१३ आवृत्तीपासून. एरिक बीडरमन यांचं केएक्झेक. चालू कर्नलच दुसरा कर्नल मेमरीत भरतो आणि सरळ त्यात उडी मारतो. फर्मवेअरला मधे बोलावतच नाही. कल्पना त्याहून जुनी आहे. रॉन मिनिक यांचं लोबोस, एरिक हेंड्रिक्स यांचं टू कर्नल माँटी, वर्नर आल्मेसबर्गर यांचं बूटइमेज, असे प्रयत्न आधी होऊन गेले होते. टिकलं ते केएक्झेक. कर्नल कोसळल्यावर त्याच्या मेमरीचा पंचनामा करणारं केडम्पही याच पायावर उभं आहे. फक्त तिथे दुसऱ्या कर्नलसाठी मेमरीचा एक तुकडा बूट होतानाच राखून ठेवतात, कारण कोसळणाऱ्याकडून आवराआवरीची अपेक्षा करता येत नाही.

तर, आमच्या त्या मशीनवर केएक्झेक चालेना. 'स्टार्टिंग न्यू कर्नल' ही ओळ यायची आणि पुढे शुकशुकाट. सीरियलवर (मशीनचं बोलणं अक्षर-अक्षर बाहेर आणणारी जुनी केबल) काही नाही, स्क्रीनवर काही नाही. शेवटी बटण दाबून बंद करायचं आणि पुन्हा साडेसहा मिनिटं.

त्या शेवटच्या ओळीनंतर काय चालतं हे पाहिलं तर हाती लागतं अवघ्या काहीशे ओळींचं असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांमधलं कोड. फाइलचं नाव रिलोकेट कर्नल ६४. मी मनाशी ठरवून टाकलं की घोळ इथेच असणार. असेंब्ली आहे, काळोखात चालतं, कुणी फारसं उघडून बघत नाही. संशयित म्हणून याहून सोयीचं कोण मिळणार? गणपतीला मिरजेला गेले तेव्हा ५.१५ चा सोर्स लॅपटॉपवर होताच. आरत्या आणि जेवणाच्या पंगती यांच्या मधल्या वेळात ती फाइल वाचली.

आणि मला ती आवडली. मोकळेपणाने सांगते, नोकरीत वाचलेल्या कोडपैकी इतकं कमी कोड मनापासून आवडलंय.

अडचण अशी आहे. नव्या कर्नलला जी जागा हवी असते तिथे जुन्या कर्नलचं किंवा त्याने वाटून दिलेलं काहीतरी आधीपासून बसलेलं असतं. त्यामुळे नवा कर्नल आणि त्याची इनिट-आरडी (बूट होताना लागणाऱ्या फायलींचं गाठोडं) आधी मिळेल तिथे, ४ केबीच्या सुट्या पेजेसमध्ये, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांत, विखरून ठेवतात. उडीच्या क्षणी ती सगळी पेजेस आपापल्या जागी हलवायची. हलवणारं कोड कुठे उभं राहणार? लादी पुसताना आपण ज्या फरशीवर उभे असतो ती कोरडी ठेवावी लागते ना, तशी एक फरशी इथेही राखतात. तिला कंट्रोल पेज म्हणतात. ती नव्या कर्नलच्या कुठल्याही मुक्कामाच्या पत्त्यावर येता कामा नये. कर्नल ही गोष्ट फार गावरान पद्धतीने साधतो: पेज मागायचं, नको त्या पत्त्याचं आलं तर परत न करता बाजूला धरून ठेवायचं (परत केलं तर तेच पुन्हा हातात ठेवतील), दुसरं मागायचं. मनासारखं मिळालं की बाजूला ठेवलेली सगळी परत. रेशनच्या रांगेत वाढलेल्या माणसाने लिहिलंय की काय, असं वाटून गेलं.

असेंब्लीचा तुकडा त्या कंट्रोल पेजवर कॉपी होतो. बाकीचे प्रोसेसर थांबवलेले असतात, एकच उरतो. आयडीटी (चूक झाली तर कुठे जायचं ते प्रोसेसरला सांगणारा तक्ता) आणि जीडीटी (मेमरीच्या भागांचा तक्ता) निकामी केलेले असतात, म्हणजे इथून पुढे एकही अपवाद, म्हणजे प्रोसेसरला न पेलणारी चूक, झाला तर पकडायला कुणी नाही. ट्रिपल फॉल्ट आणि थेट रीसेट. तुकडा आधी इंटरप्ट (बाहेरून येणारे व्यत्यय) बंद करतो, कंट्रोल पेजचा भौतिक, म्हणजे रॅममधला खरा पत्ता रजिस्टरमध्ये, प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, घेऊन ठेवतो (पेज टेबल बदलल्यावर तो वाचता येणार नाही, म्हणून आत्ताच), आणि मग सीआर३ या रजिस्टरमध्ये नवं पेज टेबल, म्हणजे पत्त्यांची गाठ घालणारा तक्ता, भरतो. या टेबलात आभासी (प्रोग्रामला दिसणारा) पत्ता आणि भौतिक पत्ता एकच. स्टॅक (आकडे तात्पुरते रचून ठेवायची चवड) कंट्रोल पेजच्या शेवटाला लावतो. मग आपलाच पुढचा पत्ता स्टॅकवर पुश करून 'रेट' मारतो. रेट म्हणजे खरं तर परत फिरण्याची सूचना, पण इथे परतायला मागे काही उरलेलंच नाही. तिचा वापर पुढे जायला केलाय.

नंतर पेजेसची यादी. यादीतली प्रत्येक नोंद आठ बाइटची. पेजचा पत्ता ४०९६ च्या पटीत असल्यामुळे खालचे बारा बिट रिकामे असतात, तिथे खुणा केलेल्या: १ म्हणजे 'इथे ठेव', २ म्हणजे 'यादी पुढच्या पानावर', ४ म्हणजे 'संपलं', ८ म्हणजे 'हे उचल'. उचलणं-ठेवणं ५१२ वेळा आठ-आठ बाइट. गंमत म्हणजे नुसती कॉपी नाही, अदलाबदल आहे. मधे एक तिसरं पेज घेऊन तीन कॉप्या, पेल्यातलं दूध आणि ताक बदलायला तिसरा पेला लागतो तसं. जुन्या कर्नलकडे परत यायची सोय ठेवायची असेल तर हे लागतं, म्हणून. ६० एमबीचा ऐवज असेल तर १५,३६० पेजेस आणि प्रत्येकाच्या तीन कॉप्या. तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

आणि त्या फाइलमधल्या कॉमेंटा! एका ठिकाणी टीएलबी (प्रोसेसरने लक्षात ठेवलेल्या पत्त्यांच्या गाठी) रिकामा करताना कंसात प्रश्न विचारलाय, 'गरज आहे का?' जगभरच्या सर्व्हरांवर चालणाऱ्या कोडमध्ये हा प्रश्न तसाच उभा आहे. खाली अजून एके ठिकाणी लेखक 'मी' म्हणून बोलतो: स्वतःलाच बदलणाऱ्या कोडची भानगड नको म्हणून सीआर३ पुन्हा भरतोय, ते सोयीचं आहे. वाचताना शेजारी बसून कुणी समजावतंय असं वाटतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी बोलती खूण पेरायचं ठरवलं. क्यूईएमयूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली मशीनमध्ये, जागोजागी एकेक अक्षर सीरियल पोर्टवर टाकायचं. कॉम १ चा पोर्ट हेक्समध्ये ३एफ८. डीएक्स रजिस्टरमध्ये पोर्टचा आकडा, एएल रजिस्टरमध्ये अक्षर, आणि 'आउट'. तीन सूचना. पहिलं अक्षर 'ए' मी पेज टेबल बदलल्यानंतर लगेच, नव्या पत्त्यावर पोचल्या पोचल्या टाकलं. 'बी' पेजेस हलवण्याआधी, 'सी' हलवून झाल्यावर.

चालवलं. ए, बी, सी तिन्ही आली आणि व्हर्च्युअल मशीन मेलं. म्हणजे जे क्यूईएमयूवर आतापर्यंत सुरळीत चालत होतं तेही आता मरायला लागलं. तिन्ही अक्षरं काढली, चाललं. फक्त 'सी' ठेवलं, चाललं. फक्त 'ए' ठेवलं, मेलं.

दोन दिवस मी पेज टेबलांना छळलं. पोर्टवर लिहायला काही मॅपिंग लागतं का (लागत नाही), स्टॅक चुकीचा आहे का, कंट्रोल पेजवर माझं कोड मावत नाहीये का. कोडसाठी तिथे २०४८ बाइटची मर्यादा असते, मी तिच्या जवळपासही नव्हते. चोर सोडून संन्याशाला सुळावर देण्याचा कार्यक्रम अगदी मनोभावे चालला होता.

विसर्जन करून कोयना एक्सप्रेसने पुण्याला निघाले. लॅपटॉपची बॅटरी साताऱ्यालाच संपली. ऑफिसमध्ये आमचा ज्युनियर होता. बार्शीचा आहे, मला ताईच म्हणतो. त्याला फोनवर सांगितलं, तूच चालव. कंट्रोल पेजचा भौतिक पत्ता कर्नलकडून छापून घे, त्यात शेवटच्या रेटचं अंतर मिळव, तिथे जीडीबी या डीबगरने हार्डवेअर ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) लाव. त्या रेटच्या आधी सगळी रजिस्टरं शून्य केलेली असतात, फक्त स्टॅक पॉइंटर सोडून. स्टॅकवर सगळ्यात वर नव्या कोडचा पत्ता. तेवढा वाच मला.

आदर्कीच्या आसपास रेंज गेली. लोणंद सोडल्यावर त्याचा फोन आला.

"ताई, थांबलंय ब्रेकपॉइंटवर. पत्ता वाचू?"

"शेवटचे चार आकडेच सांग."

"शून्य, तीन, एफ, आठ."

मी काही क्षण गप्पच बसले. मग जरा मोठ्यानेच म्हणाले, "अरे, आरडीएक्स! आरडीएक्स मीच उडवलंय!"

समोरच्या बाकावरच्या काकांनी भडंगाची पुडी खाली ठेवली. दाराजवळचे दोघं वळून बघायला लागले. आरडीएक्स हे इंटेलच्या प्रोसेसरमधल्या एका रजिस्टरचं नाव आहे हे लोणंद ते नीरा एवढ्या अंतरात समजावता येत नाही. मी प्रयत्न केला. काकांनी शेवटी विचारलं, "म्हणजे कम्प्युटरचं ना?" आणि पुडी पुन्हा उचलली.

झालं होतं ते असं. नव्या कोडचा सुरुवातीचा पत्ता या तुकड्याला आरडीएक्समध्ये मिळतो. नव्या पत्त्यावर पोचल्यावर तो ताबडतोब स्टॅकवर पुश होतो, आणि शेवटचा रेट तोच उचलून उडी मारतो. माझा 'ए' त्या पुशच्या दोन ओळी आधी होता. डीएक्स म्हणजे आरडीएक्सचेच खालचे सोळा बिट. ईडीएक्समध्ये लिहिलं असतं तर वरचे बत्तीस बिट आपोआप शून्य झाले असते. डीएक्समध्ये लिहिल्यावर वरच्या अठ्ठेचाळीस बिटांना धक्काही लागत नाही. त्यामुळे पत्ता पार मोडला नाही. दिसायला भला माणूस राहिला, फक्त शेपटाला माझा पोर्ट नंबर चिकटला. 'बी' आणि 'सी' पुशनंतर येत होते, म्हणून निर्दोष. बिघाड शोधायला लावलेला दिवाच बिघाड होता.

'ए' दोन ओळी खाली सरकवला. क्यूईएमयूवर ए, बी, सी, आणि मग 'आय ॲम इन पर्गेटरी'. हा केएक्झेकच्या टूल्समधला छोटा मधला मुक्काम. सीरियल जोडून दिला तर असं स्वतःहून सांगतो. आलेल्या तुकड्यांचा शा-२५६ हॅश (मजकूर बदलला नाही ना हे सांगणारा आकडा) तपासतो, बूट पॅरामीटरचा पत्ता आरएसआयमध्ये ठेवतो आणि कर्नलच्या दारात सोडून देतो. २०२५ मध्ये डेव्हिड वुडहाउस यांनी याच असेंब्लीत अपवाद पकडून सीरियलवर माहिती छापायची सोय घातली, त्यामुळे नव्या कर्नलवर काम करणाऱ्यांना माझ्यासारखी अक्षरं पेरावी लागू नयेत. मला ५.१५ वरच राहायचं होतं.

मग तोच पॅच लॅबमधल्या खऱ्या मशीनवर. सीरियल केबल लावली, श्वास रोखला. ए. बी. सी. पर्गेटरी. हॅश बरोबर. सगळं चोख! ज्या असेंब्लीवर मी दहा दिवस डूख धरला होता त्याने आपलं काम पहिल्या दिवसापासून नीट केलं होतं.

मग नव्या कर्नललाच सुरुवातीपासून सीरियलवर बोलायला लावलं. तो उठत होता, बोलत होता, आणि स्टोरेजच्या कार्डापाशी येऊन बसत होता. आमचं कार्ड. आमचा ड्रायव्हर. केएक्झेकच्या वेळी कर्नल पीसीआय कार्डांची बस मास्टरिंग बंद करतो, म्हणजे ती मेमरीत परस्पर लिहीत नाहीत. पण कार्डाच्या पोटात जे चालू आहे ते तसंच राहतं. नेहमीच्या रीबूटमध्ये फर्मवेअर त्याला झोपवून उठवतं. इथे फर्मवेअर नाही. नवा ड्रायव्हर समजत होता की कार्ड नुकतंच जागं झालंय, कार्ड समजत होतं की आधीचंच काम चालू आहे, आणि दोघं एकमेकांची वाट बघत होते. आमच्या ड्रायव्हरला शटडाउनचं फंक्शनच नव्हतं. कधी कुणाला गरज वाटली नव्हती. साडेसहा मिनिटांचं फर्मवेअर ते पाप झाकत होतं.

अकरा ओळी लिहिल्या, कार्ड रीसेट करून थांबणाऱ्या. आता कमांड दिल्यापासून लॉगिनपर्यंत पन्नास सेकंदांच्या आत येतं. एक सूचना: नुसतं 'केएक्झेक -ई' मारू नका, ते फाइलसिस्टिम उतरवायची वाट बघत नाही; सिस्टिमकंट्रोलकडून केएक्झेक करवा. पहिल्या आनंदाच्या भरात मी ते मारलं आणि अर्धवट कम्पाइल झालेल्या सोर्ससकट एक पार्टिशन गमावलं.

अक्षरांचा पॅच कोडच्या माझ्या शाखेत ठेवलाय. 'ए'च्या वर ज्युनियरने कॉमेंट टाकलीय: 'ताईंच्या आज्ञेवरून पुशच्या आधी आरडीएक्सला हात लावू नये.'