पॅरिसची खिडकी, लष्करचा वाडा

ग्वाल्हेरला याआधी मी तीनदा गेले, तिन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला. म्हणजे किल्ला पाहिला तो गाडीच्या काचेतून आणि जयविलास महाल पाहिला तो जागरणाने पेंगत. चौथ्यांदा गेले ती सिनेमे बघायला. पुण्यात हे कुणाला पटेना. "जॅझवरचे सिनेमे, आणि त्यासाठी ग्वाल्हेर? अगं, मोबाइलवर बघ की!"

झालं असं, की माझा मावसभाऊ आणि त्याचे चार-पाच मित्र मिळून लष्करातल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात अधूनमधून सिनेमे दाखवतात. तिकीट नाही, चहाचे दहा रुपये. या वेळी सलग दोन संध्याकाळी जॅझ वाजवणाऱ्यांवरचे सिनेमे होते. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता, हवा छान होती आणि मावशीचा फोन आला, "ये ना, गाजराचा हलवा सुरू झालाय." मग काय.

लष्कर हे गावाच्या भागाचं नाव, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास इथे छावणी टाकली, तंबूंच्या जागी वाडे झाले, पण नाव फौजेचंच राहिलं. फौजेबरोबर आलेल्या मराठी घरांची पाचवी-सहावी पिढी अजून इथे आहे. त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडते. स्टेशनवरून घरी पोचल्यावर काकांनी विचारलं, "नाश्ता होऊन गेला?" नव्हता झाला. समोर बेडई आणि बटाट्याची तिखट भाजी आली, आणि पुढचा अर्धा तास मी काही बोलले नाही.

काका म्हणजे मावशीचे यजमान. वय अठ्ठ्याहत्तर, कान फक्त ख्यालाचे. सिनेमाला येणार का विचारलं तर म्हणाले, "त्या पिपाण्या ऐकायला?" मावशीने आतून सुनावलं, "अन् 'शोला जो भडके' लागलं की पाय कोणाचा हलतो? ती पिपाणीच ना?" मुद्दा बिनतोड होता. ते गाणं 1951 च्या 'अलबेला'तलं, आणि त्याच सिनेमात सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटला त्याच्या बँडसकट पडद्यावर आणलंय. हा चिक चॉकलेट म्हणजे मूळचा गोव्याचा अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा ट्रम्पेटवाला. तेव्हा जॅझ आपल्या घरांत कधीचा येऊन बसलाय, फक्त त्याला कुणी जॅझ म्हणत नव्हतं. काका आले. स्वेटर, मफलर, माकडटोपी असा सगळा सरंजाम करून आले.

वाड्याचा चौक म्हणजे तीन बाजूंना पडवी, मधे सतरंज्या, गुडघेवाल्यांसाठी खुर्च्या आणि चौथ्या भिंतीवर पांढरी चादर. चादरीला मधोमध एक शिवण. दोन्ही दिवस प्रत्येक नटाच्या चेहऱ्यावरून ती रेघ गेली, दहा मिनिटांनी दिसेनाशी झाली.

पहिल्या दिवशी 'जॅझ ऑन अ समर्स डे'. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या 1958 च्या जॅझ महोत्सवावरचा माहितीपट. समुद्र, शर्यतीच्या शिडाच्या होड्या, उन्हाळी कपड्यांतले लोक आणि गाणंबजावणं. गोष्ट अशी नाहीच, त्यामुळे संवाद समजण्याचा प्रश्न आला नाही. अनिता ओडे भली मोठी टोपी घालून शब्द सोडून नुसत्या आवाजांवर गायला लागली तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "ही तर सरगम करते." शेवटी भक्तिगीतं गाणारी महालिया जॅक्सन आली, तेव्हा त्याच आजींनी हात जोडले. मला आवडला तो चेलोवादक. बंद खोलीत, उघड्या अंगाने, एकटाच बाखची रचना वाजवत बसलेला, मधेच थांबून सिगारेट पेटवणारा. बाहेर जत्रा भरलीय आणि हा आपला रियाजात.

दुसऱ्या दिवशीचा सिनेमा 'राउंड मिडनाइट', बर्त्राँ ताव्हर्निये या फ्रेंच दिग्दर्शकाचा, 1986 चा. 1959 सालचं पॅरिस. डेल टर्नर नावाचा अमेरिकन सॅक्सोफोनवाला, थकलेला, दारूने पोखरलेला, तिथल्या ब्लू नोट क्लबात वाजवतोय. ही भूमिका केलीय डेक्स्टर गॉर्डनने, जो स्वतःच नामांकित सॅक्सोफोनवादक. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, आवाज खर्जातला, चाल अशी की पाय पुढे टाकावा की नाही याचा विचार चाललाय. या कामासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. संगीताचं ऑस्कर हर्बी हॅनकॉकला मिळालं. वादन आधी ध्वनिमुद्रित करून नुसता अभिनय, असं न करता चित्रीकरणाच्या वेळीच ते खरोखर वाजवलेलं आहे. हे सांगितलं नसतं तरी कळलं असतं. श्वास ऐकू येतात.

आणि फ्रान्सिस. जाहिरातींची चित्रं काढून कसंबसं पोट भरणारा, लहान मुलीचा एकटा बाप. क्लबात जायला पैसे नाहीत म्हणून भर पावसात बाहेर फुटपाथवर उकिडवा बसतो आणि तळघराच्या झरोक्याला कान लावून डेलचं वादन ऐकतो.

इथे काका खुर्चीत पुढे सरकले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हस्सू-हद्दू!"

चौकात खसखस पिकली. ग्वाल्हेरात हे समजावून सांगावं लागत नाही, वाचणाऱ्यांसाठी सांगते. दौलतरावांच्या दरबारी बडे मोहम्मद खाँ हे तानांचे बादशहा. त्यांची गायकी घराबाहेर जायची नाही. मग महाराजांनीच, असं सांगतात, हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या तरुण भावांना लपून त्यांचं गाणं ऐकायची सोय करून दिली. पोरांनी ते असं उचललं की एके दिवशी दरबारात खाँसाहेबांपुढे त्यांचीच गायकी ठेवली. ग्वाल्हेर घराण्याचा अर्धा पाया या चोरलेल्या गाण्यावर आहे.

नेमकं याच वेळी, पडद्यावर सॅक्सोफोन अगदी हळू झालेला असताना, बाहेरच्या गल्लीत वरात आली. ढोल, ताशा, ट्रम्पेट, सगळं. भावाने कपाळावर हात मारला आणि सिनेमा थांबवला. वीस मिनिटं आम्ही चहा पीत 'आज मेरे यार की शादी है' ऐकलं. मला मात्र ते खटकलं नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात जॅझ वाढलं ते अशाच रस्त्यावरच्या बँडांच्या संगतीत. तिथे अंत्ययात्रेला जाताना संथ भजनं वाजवायचे आणि परत येताना नाचायला लावणारी गाणी.

त्या वीस मिनिटांत मी काकांना फ्रेडी केपर्डची गोष्ट सांगितली. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवाला, कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखंच वाद्य. आपली बोटं कुणाला दिसू नयेत म्हणून हातावर रुमाल टाकून वाजवायचा, असं म्हणतात. 1917 मध्ये जॅझची पहिली तबकडी निघाली, त्याच्या आधी त्याला ध्वनिमुद्रणाचं बोलावणं आलं होतं आणि लोक आपलं वादन चोरतील म्हणून त्याने नकार दिला, असंही सांगतात. काकांना ही गोष्ट भलतीच पटली. "बरोबर केलं त्याने," म्हणाले. मग थोडं थांबून, "पण ऐकणारा चोर पाहिजेच. नाही तर विद्या मरून जाते."

पुढे सिनेमात फ्रान्सिस डेलला थेट आपल्या घरी आणतो. घर लहान पडतं म्हणून घटस्फोटित बायकोकडे पैसे मागतो. त्याला जेवू घालतो, दारूपासून जपतो. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. फ्रान्सिस पोद्रा नावाच्या रसिकाने पियानोवादक बड पॉवेलला पॅरिसमध्ये असंच सांभाळलं होतं. पॉवेल 1964 मध्ये न्यूयॉर्कला परतला आणि 1966 मध्ये वारला. डेलही परत जातो, आणि पुढे काय होतं ते तिथूनच समजून येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला गावात फिरवायला घेऊन निघाले. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचा पाला खाल्ला. आवाज गोड होतो म्हणतात, मला फक्त दात आंबल्याचं कळलं. पण काकांचं लक्ष तिथे नव्हतं. रिक्षात ते मला निसार हुसेन खाँसाहेबांबद्दल सांगत होते. हद्दू खाँच्या घरातले हे उस्ताद दरबार सुटल्यावर शंकरराव पंडितांच्या घरी येऊन राहिले. ब्राह्मणाच्या घरी मुसलमान उस्ताद, एकोणिसाव्या शतकात! शंकरराव त्यांच्याकडे शिकले, आणि त्यांचे चिरंजीव कृष्णराव यांच्या कानावर लहानपणापासून तेच गाणं पडत राहिलं. याच कृष्णरावांनी 1914 मध्ये लष्करात गाण्याची शाळा काढली आणि 1989 पर्यंत, शहाण्णव वर्षांच्या वयापर्यंत, ही गायकी सांभाळली.

"विचार कर," काका म्हणाले, "घरातल्या बायकांनी काय म्हटलं असेल पहिल्या दिवशी." हे मला सुचलं नव्हतं. सिनेमात फ्रान्सिसच्या घरी फक्त एक लहान मुलगी आहे. इथे भरलेलं घर, सोवळंओवळं, आणि खाँसाहेबांचं ताट कुठे मांडायचं हा रोजचा प्रश्न. त्यावर सिनेमा कुणी काढला नाही.

आणखी एक गोष्ट मी काकांना सांगितली. डेक्स्टर गॉर्डन मैफलीत एखादी संथ चीज वाजवण्याआधी तिचे शब्द मायक्रोफोनवर नुसते बोलून दाखवायचा. काकांनी मान हलवली. "बोल माहीत नसले तर वाजवशील काय!"

संध्याकाळची गाडी होती. मावशीने लाडू, गजक आणि प्रवासाला पुऱ्या बांधून दिल्या, तरी पिशवीत आणखी काही कोंबता येईल का हे ती चाचपत होती. काका स्टेशनवर सोडायला आले. फलाटावर माझी बॅग दोन पायांत घट्ट धरून उभे होते, बराच वेळ गप्प. गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "त्या पोराने म्हाताऱ्याला परत जाऊ द्यायला नको होतं. ठेवून घ्यायचं होतं."

मग माझी बॅग उचलून, मी नको नको म्हणत असताना, डब्यात चढले.