दोघांत तीन हजार

ताश्कंद, 2 ऑक्टोबर 2024

निघून आज 142 दिवस झाले. सकाळी डोळे उघडले आणि आधी वही काढली. काल रात्री मेळ लागत नव्हता, आणि मेळ न लावता झोपणं मला जमत नाही. पतसंस्थेच्या काउंटरवर अकरा वर्षं बसून लागलेली खोड पाठीवर पिशवी टाकली म्हणून सुटत नाही. शेवटी चूक सापडली. शिमकेंटच्या स्टँडवर सोबतच्या विन्याने दोन सफरचंदं घेतली होती. पैसे दिले होते कझाकी तेंगेत, मी धरले होते उझबेकी सोममध्ये.

नियम साधा आहे. दोघांत दिवसाला तीन हजार रुपये. झोपणं, खाणं, गाडीभाडं, बघण्याची तिकिटं, सगळं त्यात बसवायचं. विमान आणि व्हिसा वेगळ्या खात्यावर. पैसा उभा राहिला तो माझ्या आवर्त ठेवीतून आणि विन्याच्या साठवलेल्या ऊसबिलांतून. त्याची चित्रकला शिक्षकाची नोकरी विनाअनुदानित, तेव्हा ती सोडताना त्याला फारसं काही सोडावं लागलं नाही.

जगाची फेरी म्हणून निघालो खरे, पण फेरीचा नकाशा आम्ही काढलेला नाही, व्हिसाने काढला आहे. यंदा थायलंड, मलेशिया बिनव्हिसाचे. लाओसला सरहद्दीवर पैसे भरले की शिक्का मिळतो. कझाकस्तान चौदा दिवस फुकट. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा वीस डॉलरला. युरोपातल्या एका देशाने निघण्याआधीच नकार कळवला आणि फी ठेवून घेतली. ती रक्कम मी 'बुडीत' या सदराखाली टाकली आहे. विन्या वही चाळताना ते पान आलं की हसतो.

2 ऑक्टोबर ही शास्त्रीजींचीही जन्मतारीख, हे एरवी माझ्याही लक्षात राहत नाही. इथे राहिलं. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर त्यांचा अर्धपुतळा आहे. मेट्रोने गेलो, पुढे चालत. 10 जानेवारी 1966ला या शहरात भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री, 11 तारीख लागल्यावर, शास्त्रीजी गेले. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव त्या वेळी इथेच होते. त्यांचं देवराष्ट्रे आमच्या गावापासून बारा किलोमीटर. आजोबांच्या तोंडून 'ताश्कंद' हा शब्द लहानपणी इतक्या वेळा ऐकलाय, की मला ते कऱ्हाडच्या पलीकडचं एखादं गाव वाटायचं. पुतळ्यापाशी ताजी फुलं होती. विन्याने चप्पल काढून नमस्कार केला. मी आजोबांसाठी फोटो काढला आणि मग आठवलं की पाठवायला ते आता नाहीत.

आजचा खर्च 2,640. शिल्लक 360 पुढे ओढली.

समरकंद, 5 ऑक्टोबर

आज खरबुजावरून वाजलं.

सियोब बाजारात एका आजीकडे लांबट पिवळी खरबुजं होती. भाव पंधरा हजार. मी दहा बोटं दाखवली. आजीने मान हलवली. मी चार पावलं पुढे जाऊन परत आलो, हे तर कुठल्याही बाजारात करायचंच असतं. तोवर विन्याने पंधरा हजार मोजून दिले होते आणि खरबूज काखेत मारलं होतं.

"पाच हजार सोम म्हणजे किती रं?"

"तेहतीस रुपये."

"तेहतीस रुपयांसाठी म्हातारीला दहा मिनिटं उभी केलीस."

मी म्हटलं, तेहतीस गुणिले तीनशे पासष्ट किती होतात बघ. बारा हजार पंचेचाळीस. म्हणजे आपले दोघांचे चार दिवस. विन्या शांतपणे म्हणाला, "रोज एक खरबूज खाणार हायस काय मर्दा?"

याला हिशेबात उत्तर नाही. खरबूज मात्र असं, की चाकू लावताच आपण होऊन उकललं. समरकंद तीनदा जिंकून तीनदा गमावलेल्या बाबराने पुढे हिंदुस्थानात आल्यावर इथे चांगली द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत म्हणून गाऱ्हाणं लिहून ठेवलंय. वाचलं तेव्हा माणूस रडका वाटला होता. आज अर्धं खरबूज एकट्याने संपवल्यावर त्याचं म्हणणं पटलं.

विन्याच्या जेवणाबद्दल लिहायला हवं. तो माळकरी. या मुलुखात भातात मटण, समोश्याच्या चुलतभावात मटण, सूपमध्ये मटण, आणि ज्यात मटण नाही त्यात शेपटीची चरबी. त्याने पहिल्याच दिवशी 'गोश्तसिझ' हा शब्द पाठ केला, म्हणजे मांसाशिवाय. लोक आनंदाने मान डोलावतात आणि रश्श्यातून तुकडे काढून उरलेला रस्सा आणून देतात. मग तो नान, टोमॅटो-कांदा, दही आणि फळांवर भागवतो. इथे कांद्याला पियोझ म्हणतात, इथवर ठीक. पण 'सब्झी' मागितली की गाजर हातात येतं. त्या गाजराचीही त्याने काल भाजी करून खाल्ली, हॉस्टेलच्या चुलीवर, गावाकडून आणलेल्या शेवटच्या कांदा-लसूण मसाल्यात. त्याच्या पथ्यामुळे आमचं रोजचं दोनशे-अडीचशे वाचतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

बुखारा, 10 ऑक्टोबर

कालपासून बोलणं बंद.

विन्याने त्याच्या आईसाठी सुझनी घेतली. पांढऱ्या कापडावर डाळिंबाच्या फुलांचं हातचं भरतकाम. चार लाख सोम. दोन हजार सहाशे साठ रुपये. मला न विचारता, आणि सामायिक पाकिटातून. "माझ्या नावावर मांड की," म्हणाला. तसं मांडलंच आहे. पण प्रश्न नावाचा नव्हता. मी गेले दोन आठवडे गरम पाण्याची बाटली पोटाशी धरून झोपतोय, कारण हीटरवाली खोली साठ हजार सोमने महाग पडते.

हे मी त्याला ओरडून सांगितलं. लयाबी-हौजच्या काठावर, गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दीनच्या पुतळ्याशेजारी. माझ्याकडे बघणाऱ्या पोरांना बहुधा त्या दोघांत मी जास्त गमतीचा वाटलो असणार.

त्यावर विन्याने त्याचा ठेवणीतला दाखला काढला. 1962 साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन मित्र दिल्लीहून, गांधीजींच्या समाधीपासून, पायी निघाले. अण्वस्त्रांच्या विरोधात मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. निघताना विनोबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मांस खायचं नाही आणि जवळ पैसा ठेवायचा नाही. "दोघं जग फिरून आली लेका, वहीशिवाय!"

ही हकिगत निघाली की मला दर वेळी एकच शंका येते. अटलांटिक कसा ओलांडला? बोटीने. तिकीट कोणी काढलं? कोणीतरी काढून दिलं. म्हणजे ते कोणाच्या तरी वहीत खर्ची पडलंच ना? मी हे म्हणालो. विन्या उठून गेला.

तळ्याकाठी तुतीची म्हातारी झाडं आहेत, काहींची खोडं पोकळ झालेली. तासभर तिथेच बसलो. चहा आला तो नेहमीसारखा अर्धा पेला. दहा दिवस बघतोय, पूर्ण भरून कोणी देत नाही. पैसे मात्र पूर्ण.

बुखारा–खिवा गाडी, 12 ऑक्टोबर

प्लात्सकार्त म्हणजे आपला स्लीपर क्लास. दारं नसलेला चोपन्न बर्थांचा डबा, आणि पॅसेजच्या कडेला तसेच साइडचे बर्थ. मधली फळी उलटली की टेबल. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब. सीलबंद पाकिटातली चादर मिळते एवढाच फरक, आणि कोणी "चाय गरम" ओरडत नाही. बाहेर किझिलकुमचं वाळवंट. बघावं तेव्हा तेच.

विन्या समोर बसला होता. दोन दिवसांत आमचं बोलणं म्हणजे "चार्जर" आणि "पासपोर्ट घेतलास?" एवढंच. अचानक त्याने स्केचबुक उघडलं, पानांत दाबून ठेवलेलं एक पान काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. तळ्याकाठच्या तुतीचं होतं.

"सोनं घे. दसरा हाय आज."

मी तारखा लिहितो, तिथी विसरलो होतो. आपट्याच्या पानाशी तुतीच्या पानाचा काही संबंध नाही, त्याला आपट्यासारखे दोन समान भाग नाहीत. घेतलं. तो पाया पडायला वाकला, तसे दोघे सरळ उठून गळ्यात पडलो, आणि वरच्या बर्थवरच्या पोराने खाली डोकावून बघितलं.

त्या पोराची आजी, आई आणि धाकटी बहीण आमच्याच खणात होत्या. लग्नाहून उर्गेंचला परत निघालेल्या. विन्याने त्यांनाही एकेक पान दिलं. हे काय म्हणून आजीने खुणेने विचारलं तर त्याने कानातल्या सोन्याकडे बोट दाखवलं. आजीला काय कळलं देव जाणे, पण तिने गाठोडं सोडलं. नान, उकडलेली अंडी, टोमॅटो, काळी द्राक्षं, कागदात बांधलेली कोंबडी. कोंबडी विन्याने मला सरकवली, बाकीचं दोन्ही हातांनी घेतलं.

मी पाकीट काढलं. पन्नास हजारांची नोट पुढे केली. सून एकदम गप्प झाली, आजीने माझा हात धरून नोटेसकट मागे लोटला. विन्या हळूच म्हणाला, "खिशात घाल ते. वाखरीला कोणी भाकरी दिली तर नोट काढशील काय?"

मी वारी केलेली नाही. विन्याने बारा केल्या. यंदाची चुकली. आषाढीला आम्ही लाओसात लुआंग प्रबांगला होतो. पहाटे भिक्खूंची रांग निघते, लोक गुडघे टेकून त्यांच्या पात्रात चिकट भात घालतात आणि भिक्खू मान वर करून बघतही नाहीत. मला तो उद्धटपणा वाटला होता. विन्या मात्र रस्त्याच्या कडेला पुतळ्यासारखा उभा होता. दिंडीत जेवणाची भिशी भरलेली असली तरी वाटेवरची गावं थांबवून खाऊ घालतात, आणि नको म्हटलं तर त्यांचं तोंड उतरतं, असं तो सांगतो. घेणंसुद्धा शिकावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पतसंस्थेत घेणाऱ्याकडून दोन जामीनदार लागतात.

सून थोडं रशियन, थोडं फोनवरचं भाषांतर असं करून बोलत होती. अर्ध्या पेल्याचं कोडं तिनेच सोडवलं. पाहुण्याला थोडा थोडाच ओतायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतायला मिळतो. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, पी आणि निघ. आमच्याकडे व्याह्याला अर्धा कप दिला तर सोयरीक मोडेल. दहा दिवस जिथे जिथे मला फसवल्यासारखं वाटलं होतं, तिथे तिथे लोक मान देत होते.

रात्री वही उघडली. जमेच्या बाजूला लिहिलं: नान 2, अंडी 3, द्राक्षं, कोंबडी. रकमेच्या रकान्यात बाजारभाव टाकायला पेन टेकवलं आणि उचललं. मग तुतीचं पान तिथे चिकटवलं.

खिवा, 16 ऑक्टोबर

चार दिवसांनी वही हातात घेतोय. ती कोंबडी होती, की उर्गेंचच्या स्टेशनवरचं आइस्क्रीम, सांगता येत नाही. तीन दिवस मी आणि न्हाणीघर. आजीवर आळ घ्यायचा नाही म्हणून आइस्क्रीमच्या नावावर मांडतो.

आज दुपारी काठी टेकत पश्चिम दरवाजापर्यंत गेलो. गावाभोवती मातीची जाड तटबंदी, आणि दरवाजाबाहेर अल-ख्वारिझ्मीचा पुतळा. हा याच ख्वारिझ्म प्रांतातला. नवव्या शतकात त्याने आपल्याकडच्या अंकांनी हिशेब कसा करावा ते लिहून ठेवलं आणि पुढे लॅटिनमधून ते युरोपात पोचलं. त्याच्या नावावरूनच अल्गोरिदम. ताश्कंदला विन्याने चप्पल काढली होती, इथे मी काढली. शून्यावाचून एक लाखाची नोट कशी छापली असती यांनी?

आत काल्ता मिनार आहे, निळ्याहिरव्या फरशांचा, बुटका आणि जाडजूड. 1851 साली खानाने सुरू केला, 1855 साली खान मारला गेला, काम तिथेच थांबलं. पुरा झाला असता तर आणखी एक उंच मिनार झाला असता. आता सगळे त्याच्याशीच फोटो काढतात.

तीन दिवस वही विन्याकडे होती. त्याने केलेल्या नोंदी जशाच्या तशा उतरवतो.

"13 ऑक्टो. लिंबू मिळालं नाही. डाळिंब मिळालं." रकमेच्या जागी डाळिंबाचं चित्र.

"14. औषध दुकान. कितीला ते विचारू नकोस."

"15. मालकीणबाईंनी भाताची पेज केली, मी दाखवली तशी. मीठ जास्त. पैसे घेत नाहीत म्हणाल्या. त्यांच्या पोराचं चित्र काढून दिलं. नाक जमलं नाही."

"15 रात्री. कॅशियर झोपला. हीटरवाली खोली घेतली."

रोकड मोजली. त्या खोलीचे पैसे धरूनही बासष्ट हजार सोम कमी. चारशे दहा रुपये. विन्याला विचारलं तर म्हणतो, असतील कुठंतरी. अकरा वर्षांत माझा काउंटर रुपयाने हललेला नाही. पेन घेऊन बराच वेळ बसलो, मग रकमेपुढे चू. भू. दे. घे. लिहिलं आणि रेघ मारली. ऑडिटरने हे पान बघितलं असतं तर मला उभा केला असता.

आज कोजागिरी. तटावर चंद्र आलाय आणि मी जागा आहे, पण लक्ष्मीसाठी नव्हे, पोटासाठी. विन्या मघाशी कुठूनतरी तापवलेलं दूध घेऊन आला, दोन पेले, वर सालं काढलेले बदाम. मला दूध चालणार नाही हे त्याच्या आता लक्षात आलं. दोन्ही तोच पितोय, खिडकीत बसून, मिश्यांना साय लावून. कितीला पडलं विचारलं.

"लिही तू तुझं. उद्या सांगतो."