आमची वाटचाल : पिना-बुशपासून रेसकारच्या स्टिअरिंग कॉलमपर्यंत

नाशिकमध्ये महिंद्राच्या कारखान्याभोवती सुट्या भागांची वर्कशॉप्स वाढली. अंबड एमआयडीसीतलं आमचं कामही पिना, बुश आणि शाफ्टच्या जॉबवर्कचंच होतं. रेससाठी तयार होणाऱ्या जुन्या फियाट ११०० गाड्यांचे स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगपासून चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जाणारा दांडा) हाताळायला लागल्यावर उमगलं, की इथं शाफ्टच्या जाडीइतकाच कोनही महत्त्वाचा.

या गाडीचा गिअरचा दांडा कॉलमवरच असतो. तो खाली फ्लोअरवर घेतला, सीट मागे सरकवली, की मूळ कॉलम उपयोगाचा राहत नाही. नवं माप आम्ही ड्रायव्हरला पट्टे बांधून, हेल्मेट घालून बसवल्यावरच घेतो. हात सरळ केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि खांदे सीटवरून सुटता कामा नयेत. मग लाकडी दांडा धरून कॉलमचा खालपर्यंतचा मार्ग तपासायचा. पेडल किंवा एक्झॉस्ट आडवा येणार असेल तर तो इथेच दिसतो.

खरी चूक युनिव्हर्सल जॉइंटमध्ये, म्हणजे कोनात असलेले दोन शाफ्ट जोडणाऱ्या सांध्यात होते. एकाच जॉइंटला ३० अंशांचा कोन दिला, तर स्टिअरिंग एकसारखं फिरवूनही पुढचा शाफ्ट कधी ०.८७ पट, कधी १.१५ पट वेगानं फिरतो. दोन जॉइंट, दोन्हींचे कोन सारखे, तिन्ही शाफ्ट एकाच प्रतलात आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही काटे (टोकांवरचे जॉइंटचे दुशाखी भाग) एका रेषेत, असं जुळलं की हा फरक नाहीसा होतो. काटे ९० अंशांनी चुकले तर तो ०.७५ ते १.३३ पर्यंत जातो. मग ‘स्टिअरिंग मध्येच जड होतं’ म्हणून चांगला स्टिअरिंग बॉक्स उगाच खोलला जातो! ३६ दातांच्या स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकाभोवतीच्या दातांवर) एक दात सरकला तरी १० अंशांची चूक होते, म्हणून बसवण्याआधी दोन्ही भागांवर खूण करतो.

तीन जॉइंट लागले तर मधल्या शाफ्टला बेअरिंगचा आधार हवाच, नाहीतर तो लोंबकळतो. ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या शाफ्टवर वेल्डिंग शक्यतो टाळतो. प्रीहीट न करता, म्हणजे आधी तापवून न घेता वेल्ड केलं की शेजारची जागा कडक, ठिसूळ होते. जॉइंट स्प्लाइनवर बसवून आडवा बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जाऊ देतो. बोल्ट सैल झाला तरी जॉइंट निसटत नाही.

सरळ, अखंड कॉलम आम्ही बनवत नाही. समोरून धडक बसली की तो भाल्यासारखा छातीवर येतो. दोन जॉइंटमधला मोड आणि एकात एक सरकणारी नळी, दोन्ही ठेवतो.

शेवटी पुढची चाकं उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, सस्पेन्शन दाबून पुन्हा फिरवायचं, प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारायची आणि पहिल्या फेरीनंतर त्या रेघा तपासायच्या.