आभार मानायला काका उठले की

आमच्या हौशी नाट्यमंडळाचा मेळावा दरवर्षी ५ नोव्हेंबरला असतो, मराठी रंगभूमी दिनी. तारखेचा आग्रह काकांचा, म्हणजे मंडळातल्या आमच्या जुन्या नटाचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं, त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळतात, आणि भावे म्हणजे काकांचं दैवत. पंचाईत एवढीच, की ही तारीख हमखास दिवाळीच्या आगेमागे येते. कुणी माहेरी गेलेली असते, कुणी सहलीला. दोनशे पत्रिका वाटाव्यात आणि चाळीस खुर्च्या भराव्यात, असं चाललंय. अठरा वर्षं चिटणीस असल्यामुळे दारातून आत येतानाच खुर्च्या मोजायची मला सवय लागली आहे. आमच्याच तालमींतून तयार होऊन मालिकांत गेलेली मंडळी हल्ली शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवतात. पाठवोत बापडी. तो आम्ही लावतो, आवाज येत नाही, मग बंद करतो.

नटराजपूजन, नारळ, अहवाल, जमाखर्च हे सगळं यथासांग होतं. अहवाल मीच वाचते आणि मलाच कंटाळा येतो. मग पाहुण्यांचं भाषण. ते पंधरा मिनिटांच्या वर गेलं की मागच्या दारातून आरोळी यायची, "अलललडुर्र!" भाव्यांच्या जमान्यातल्या पौराणिक नाटकांतले राक्षस अशीच आरोळी ठोकत रंगमंचावर यायचे. आमचे काका तशीच ठोकत सभागृहात यायचे. पाहुणे दचकायचे, अध्यक्ष घाम पुसायचे आणि भाषण दोन मिनिटांत आटपायचं. एका पाहुण्यांनी मात्र शांतपणे विचारलं, "राक्षस कोणत्या रांगेत बसणार?" काका त्यांच्यावर इतके खूश झाले की त्यांना मंडळाचं आजीव सदस्य करून टाकलं. वर्गणी अजून यायची आहे.

काका पोस्टात कारकून होते. रजेच्या अर्जावर कारण म्हणून एकदा त्यांनी 'मृत्यू (तिसऱ्या अंकात)' असं लिहिलं होतं. खलनायकाची भूमिका असली की प्रयोगाआधी आठ दिवस घरी कुणाशी गोड बोलायचे नाहीत. काकू म्हणायच्या, "यांना विनोदी कामं द्या हो, पुण्य लागेल." क्रेपची मिशी स्वतःच लावायचे. रंगभूषाकाराला हात लावू द्यायचे नाहीत, आणि ती मिशी हटकून दुसऱ्या अंकात एका बाजूने सुटायची. मग उरलेला प्रवेश त्या बाजूला गालावर हात ठेवून, गहन विचारात. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत एका परीक्षकांनी त्या हाताचं 'लकब छान पकडली आहे' म्हणून कौतुकही केलं. काकांनी पुढे तीन नाटकांत ती लकब ठेवली, मिशी नसतानासुद्धा.

सांगलीत रंगभूमी दिनीच रंगकर्मींना विष्णुदास भावे गौरवपदक देतात. दरवर्षी मेळाव्यात काका जाहीर करायचे, "यंदाही आमचं पत्र पोस्टात गहाळ झालं. चौकशी मीच करतोय."

मी मंडळात आले ती प्रॉम्प्टर म्हणून. तेव्हा कॉलेजात होते, आवाज बारीक, स्टेजवर उभं राहायची हिंमत नाही. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात पेन्सिल. काका मला 'आकाशवाणी' म्हणायचे. "काय गं आकाशवाणी, आज प्रक्षेपण स्पष्ट ठेव हं!" पाठांतराच्या नावाने काका बदनाम होते. प्रवेश रंगात आला असताना मध्येच थांबायचे, रमतगमत माझ्या विंगेपाशी यायचे, फुलदाणीतलं एखादं फूल सरळ करायचे. मी वाक्य पुटपुटायचे. दिग्दर्शक पलीकडच्या विंगेत केस उपटत असायचे. काकांचं उत्तर ठरलेलं, "भाव्यांच्या नाटकात कुठे होती संहिता? सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी बोलायची. मी फक्त परंपरा चालवतोय."

कुणी अडखळलं की त्या वाक्यापुढे पेन्सिलीने फुली मारायची, अशी माझी पद्धत होती. दोन वर्षांनी ती संहिता पुन्हा तालमीला काढली तेव्हा सहज फुल्या चाळल्या. बहुतेक फुल्या काकांच्या वाक्यांपुढे नव्हत्याच. समोरच्याच्या वाक्यांपुढे होत्या. अडायचं दुसरंच कुणी. काका फुलदाणीपाशी यायचे, माझ्याकडून वाक्य घ्यायचे आणि वळून म्हणायचे, "तू मघाशी असं म्हणालीस ना, की..." आणि सगळं वाक्य त्या पोरीच्या ओंजळीत घालायचे. प्रेक्षकांना वाटायचं म्हातारा विसरला. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "फुलं वाकडी होती." सगळंच औदार्य होतं असं मात्र मी म्हणणार नाही. तिसऱ्या अंकात ते खरोखर विसरायचे, तिथल्या फुल्या त्यांच्याच आहेत.

पण मेळावा म्हटला की मला आठवतं ते त्यांचं आभारप्रदर्शन. एरवी आभार म्हणजे चपला शोधायची वेळ. काकांनी ते काम मागून घेतलं आणि पहिल्याच वर्षी सभागृहाला आतून कडी घातली. "नाटकात पडदा पडेपर्यंत उठतात का?" मग एकेकाला स्टेजवर बोलवायचं आणि त्याच्यासमोर त्याचंच काम करून दाखवायचं. पडदा ओढणारे आले की काका रिकाम्या हवेत दोर ओढायचे. अर्ध्यावर दोर अडकायचा, काका लोंबकळायचे, आणि पडदा ओढणाऱ्यांच्या डोळ्यांत हसता हसता पाणी. इस्त्रीवाल्या वहिनींसमोर अंगरख्याची बाही झटकून, जळल्याचा वास घेऊन दाखवायचे. चाळीस मिनिटं चालायचं ते. शेवटी आवाज अगदी खाली आणायचे, ओठ फक्त हलवायचे, आणि मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळायचं की आता आकाशवाणीची पाळी. मी इतक्या वर्षांत एकदाही कोरड्या डोळ्यांनी स्टेजवर गेलेली नाही. खाली येताना ते हळूच विचारायचे, "कुणी राहिलं का गं?"

काका जाऊन चार वर्षं झाली. आभार आता माझ्याकडे आहेत. मला नक्कल येत नाही, मी कागद वाचते. नावं इथे घालत नाही, कारण एक गाळलं तरी पुढच्या मेळाव्यात एक खुर्ची कमी. पण कामं सांगते: सतरंज्या घालणारे आणि, जे जास्त महत्त्वाचं, त्या झटकून घड्या करणारे, शाळेचं सभागृह उघडणारे शिपाईमामा, जे दिवाळीच्या सुट्टीत किल्ली घेऊन येतात, पेटीवाले, तबल्यावरचे दोघे (दोघेही, एकाचं नाव मागे राहिलं होतं), दिव्यांच्या डिमरवर बसणारा मुलगा आणि त्याला डबा आणून देणारी त्याची बहीण, कपडेपटाच्या ट्रंका ज्यांच्या माळ्यावर आहेत ते कुटुंब, पत्रिका वाटणाऱ्या चौघीजणी, वीज गेल्यावर स्कूटरचा दिवा खिडकीतून आत सोडणारे ते गृहस्थ, जे सभासदही नाहीत, आणि काकू. काकू अजून येतात, पहिल्या रांगेत बसतात. कडी घातली का, असं मला खुणेने विचारतात. मी घालत नाही. कडी घातली तरी आत थांबायला माणसं हवीत ना.

गेल्या वर्षी सगळं वाचून झालं, पसायदान झालं, आणि घरी गेल्यावर अंथरुणात आठवलं, शिडी. गेली बारा वर्षं जे गृहस्थ खांद्यावरून शिडी आणतात, दिवे टांगेपर्यंत ती धरून उभे राहतात आणि रात्री परत नेतात, तेच राहिले. सकाळी त्यांच्या घरी गेले. "छे छे, त्यात काय एवढं," म्हणाले, चहाही केला. पण यंदा ऑक्टोबरात फोन केला तेव्हा म्हणाले, शिडीची एक पायरी ढिली झालीय, बघतो.

या वेळच्या कागदावर पहिली ओळ शिडीचीच लिहिली आहे. फोन उद्या पुन्हा करते.