पंधरा हजारांचं शटर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं शटरचं वर्कशॉप आहे. साइटवर जाऊन मापं घेणं आणि कोटेशन काढणं हे काम माझ्याकडे. इंदिरानगरच्या एका जुन्या बंगल्यातून काकूंचा फोन आला. गॅरेजचं शटर इतकं जड झालं होतं, की नवरा-बायको दोघं मिळून ते वर ढकलायचे. काकांची अँजिओप्लास्टी झाली आणि तेही थांबलं. गाडी तेव्हापासून रस्त्यावरच.

काकूंची सगळी नोकरी हिशेबात गेलेली. मी टेप काढायच्या आत त्यांनी दुसऱ्या एकाचं कोटेशन पुढे ठेवलं. दहा बाय आठचं शटर, 80 चौरस फूट, फुटाला 190 रुपयांनी 15,200. "तुझं किती होईल ते सांग, पण मोटरसकट. आता आमच्याच्याने उचलणं होणार नाही."

मी माप घेतलं आणि त्यांच्यासमोर बसूनच लिहिलं. शटर बिलात कधीच दहा बाय आठचं नसतं. वर गुंडाळून राहतो त्या रोलचा दीड फूट उंचीत धरतात, म्हणजे 95 फूट. 20 गेज जाडीची गॅल्व्हनाइज्ड पट्टी, बॉल बेअरिंगसकट, 240 रुपयांनी 22,800. जुनं काढून नवं बसवायचे 3,500, टेम्पो 1,200. त्यावर 18 टक्के जीएसटी. एकूण 32,450.

"अगं, दुप्पट झाले की!"

मग त्यांचंच कोटेशन त्याच पद्धतीने मांडलं. रोल धरला, फिटिंग आणि टेम्पो धरला, जीएसटी लावला. 15,200 चे 26,845 झाले. सतरा हजारांचा वाटणारा फरक साडेपाच हजारांवर आला, आणि तो पट्टीचा होता. त्या कागदावर कोपऱ्यात 22 गेज लिहिलेलं होतं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. 22 म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर, 20 म्हणजे 0.9 च्या आसपास. गाडीचा बंपर नुसता टेकला तरी पातळ पट्टी दबते, आणि दबलेली पट्टी बाजूच्या खाचेत, गाईडमध्ये, अडकायला लागते.

काकूंनी सगळं वाचून एकच प्रश्न विचारला, "जुनं भंगार कोणाचं?" हे विचारणारी माणसं फार थोडी. बहुतेक ठिकाणी ते गुपचूप टेम्पोत चढतं. मी लिहून दिलं, भंगार तुमचं, वजन करून बिलातून वजा.

मोटरचे 18,000 मात्र मी धरलेच नाहीत. शटरचं वजन माणूस उचलत नाही, शाफ्टवरच्या, म्हणजे ते गुंडाळलं जातं त्या वरच्या पाईपवरच्या, स्प्रिंगा उचलतात. त्यांच्या स्प्रिंगा थकल्या होत्या आणि बेअरिंग नव्हतंच, म्हणून सगळा भार हातावर यायचा. शंभर फुटांच्या वर शटर गेलं तर चेन-गिअर किंवा मोटर लागते. ऐंशी-नव्वद फुटांना, स्प्रिंगचा ताण नीट भरला असेल तर, एक हात पुरतो. काकूंचा विश्वास बसला नाही. "बसवल्यावर उचलून बघा, नाही जमलं तर मोटर नंतरही लावता येते," म्हटलं.

कामाच्या दिवशी जुन्या शटरचं वरचं कव्हर काढलं आणि मिस्त्रींनी मला शिडीवर बोलावलं. शाफ्ट पेलणारा डावा ब्रॅकेट भिंतीत ठोकलेल्या लाकडी गुट्ट्यांवर उभा होता. गुट्ट्या कुजलेल्या, विटेचा भुगा बोटाने निघत होता. पाईप, स्प्रिंगा आणि सगळं शटर तेवढ्यावर लटकत होतं, आणि शटर चालू होतं तोवर खालून रोज माणसं जात होती. माझ्या पोटात गोळा आला. काकांना आणि शेजारच्या मुलांना मी आधी गेटबाहेर काढलं.

शाफ्टमध्ये ताण भरलेला असतो. तो आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट नुसता सोडला तर पाईप गरकन फिरतो आणि हातातला पाना मनगट मोडतो. मिस्त्रींनी शटर पूर्ण खाली घेतलं, ब्रॅकेटला टेकू दिला, पाईप पाना घट्ट धरला आणि दुसऱ्याने क्लॅम्प थोडा सैल केला. अर्धा फेरा सोडायचा, पुन्हा आवळायचं. पुन्हा अर्धा. घाईचं काम नाही हे. फिटिंगचे पैसे कमी करा म्हणणाऱ्यांनी एकदा हे उभं राहून बघावं असं मला फार वाटतं.

त्या भिंतीत नवा ब्रॅकेट मी बसवू देणार नव्हते. दोन्ही बाजूंना जमिनीपासून अँगल उभे करून त्यावर ब्रॅकेट वेल्ड करायचे ठरले. 24 किलो लोखंड, 65 रुपयांनी 1,560.

"हे आधी का नाही सांगितलंस?" काकू म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. कव्हर काढल्याशिवाय ब्रॅकेट दिसत नाही, म्हणून 'भिंत कच्ची निघाल्यास लोखंड वेगळं' अशी ओळ कोटेशनात होती; ती दाखवली. तरी वेल्डिंगची मजुरी मी लावली नाही.

संध्याकाळी शटर चढलं. मिस्त्रींनी ताण भरला, अर्ध्यावर आणून सोडलं. ते तिथेच थांबलं. काकूंनी पदर खोचला आणि एका हाताने वर सारलं. मग खाली घेतलं, पुन्हा वर सारलं. काका तोवर गाडीची किल्ली घेऊन आले होते.

जुनं शटर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे 90 किलो भरलं, 30 रुपयांनी 2,700. काट्याची पावती काकूंनी मागून घेतली आणि बिलाला टाचली. लोखंड, जीएसटी धरून, भंगार वजा जाता 31,590 चा चेक मिळाला.